छडीवाला पंच

रविवार, १९ एप्रिल. इस्लामपूर

अजून हसू आवरत नाहीये. यात्रेतल्या कुस्तीत पंचाचा निकाल चुकला की बरोबर होता, यावरून माझे सासरे आबा आणि शेजारचे तात्या आठवडाभर बोलत नव्हते. तात्यांशिवाय आबांना चहासुद्धा गोड लागत नव्हता.

आज संध्याकाळी मी उद्याच्या इतिहासाच्या तासासाठी एक चित्र बघत अंगणात बसले होते. प्राचीन ग्रीक मडक्यावरचं. दोन पैलवान भिडलेत आणि शेजारी छडी उगारलेला पंच. आबा डोकावले आणि ओरडलेच, "आरं, ह्यो डोळ्यात बोट घालतोय की!"

आवाज ऐकून तात्या राग विसरून कुंपणापाशी आले. "कुठं घालतोय? हात निसटलाय त्येचा. पंचानं उगंच छडी उगारलीय."

"परत पंचावरच आलास व्हय!"

झालं! आठवडाभराचं बोलणं एकदम बाहेर आलं. मडकं अडीच हजार वर्षांपूर्वीचं आहे, हे मी सांगून पाहिलं. कोण ऐकतंय? भांडता भांडता दोघांनी दोनदा चहा घेतला.

आणि मी उद्या वर्गात 'ग्रीक संस्कृतीचं वेगळेपण' शिकवणार होते! कसलं वेगळेपण? ती छडी तर आमच्याच यात्रेतली वाटायला लागलीय.

जाताना तात्या फाटकातून वळले. "पोरी, तेवढं बघून ठेव. त्यो छडीवाला पंच कुठल्या गावचा हुता?"

इतका वेळ पंचाची बाजू घेणारे आबा लगेच म्हणाले, "व्हय, ते मात्र बघच."