वडील काय करतात

सर, तुम्ही वारल्याचं कळलं तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवत होते. जेवण पूर्ण केलं. त्यानंतर इतकी वर्षं तुम्हाला लिहावं असं कधी वाटलं नाही. आज वाटलं, कारण आज मी आपल्या कॉलेजात होते, तुमच्याच प्लेसमेंटच्या खोलीत. फक्त टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. कंपनीने मला मुलाखती घ्यायला पाठवलं होतं.

खोली तशीच आहे. इथेच तुम्ही आमचा सराव घ्यायचात आणि कुणाचं उत्तर चुकलं की त्याला बाहेर पॅसेजमध्ये उभं करून बरोबर वाक्य मोठ्याने म्हणायला लावायचात. येणारी-जाणारी पोरं हसायची. मी सांगितलं होतं की बाबा चाकणला कारखान्यात प्रेस मशीनवर ऑपरेटर आहेत, दोन बोटं मशीनमध्ये गेलीत. तुम्ही पेन खाली ठेवलंत. "भीक मागायला आलीयेस का? 'माय फादर इज इन मॅन्युफॅक्चरिंग.' एवढंच बोलायचं, हसून. म्हण." ती अख्खी दुपार मी म्हणत उभी होते. मुलाखतीच्या दिवशी बाबा फर्स्ट शिफ्ट संपवून कंपनीच्या शर्टातच माझा डबा घेऊन येतात आणि पोर्चमध्ये बसतात. तुम्ही त्यांना उठवता. "अहो, कंपनीचे लोक आत आहेत. गेटबाहेर थांबा." बाबा म्हणतात, "व्हय साहेब, चुकलंच माझं." आणि तो हात खिशात घालून निघून जातात. मला नोकरी लागली. बाबांनी तुम्हाला पेढे पाठवले, ते घेताना तुम्ही फोनवरून नजरही वर केली नाहीत. मला तुमचा राग येतो, सर, अजून येतो.

आज दुपारी मोशीची एक मुलगी आली. तिने फळ्यावर लिहिलेला प्रोग्राम बिनचूक होता. माझ्यासोबतच्या सहकाऱ्यांनी सहज विचारलं, वडील काय करतात? आणि तिच्या तोंडून तुमचं वाक्य आलं. शब्द तेच, हसूही तेच. तुम्ही गेलात, पण सीनियर मुलं ते वाक्य ज्युनियरांना शिकवत राहिलीत. माझं डोकं फिरलं. "मॅन्युफॅक्चरिंगमध्ये म्हणजे नक्की काय?" मी विचारलं. ती म्हणाली, "क्वालिटी प्रोसेस, मॅम." "हुद्दा काय? डिपार्टमेंट कुठलं?" मी सोडलंच नाही. मला वाटत होतं, मी तिला तुमच्या तावडीतून सोडवतेय. तिचं हसू गळून पडलं. "मॅम, पप्पा प्रेस शॉपला हेल्पर होते. हात गेला, आता घरीच असतात. मला ही नोकरी लागायलाच पाहिजे, मॅम." आणि ती रडायला लागली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. मला बरंसुद्धा वाटलं.

ती बाहेर गेल्यावर सहकारी म्हणाले, "प्रोग्राम मस्त होता. पण क्लायंटसमोर अशी रडली तर? तुम्ही म्हणाल तसं करू." माझा एक शब्द पुरला असता. तिच्या बाजूने बोलायचं तर आपलं का दुखलं, हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, "हो, जरा कच्चीच आहे." तिचं नाव बाजूला गेलं. तिथेच तुम्ही जिंकलात. तुमच्या वाक्याने मला नोकरी दिली आणि ते वाक्य मी तिच्याकडून काढून घेतलं.

निघताना ती गेटबाहेर दिसली, स्कूटीशेजारी. एका माणसाची रिकामी बाही खोचून देत होती आणि त्याला हसून काहीतरी सांगत होती. मुलाखत चांगली झाली म्हणत असावी.

हे मी आता पुसून टाकणार आहे. त्याआधी एवढंच सांगते. परतताना गाडीत सहकाऱ्यांनी विचारलं, "तुम्ही इथल्याच ना? वडील काय करायचे?"

"मॅन्युफॅक्चरिंगमध्ये होते," मी म्हणाले. हसून म्हणाले, सर.