तीन वाट्या शेवया

तुंगक्वान, १९ जानेवारी १९९४
आपल्या गावच्या मोजणीनं बाराव्या महिन्याचा आठवा दिवस

बाबांना लाइशुनचा नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? गव्हावर बर्फ पडला का? आज तुम्ही लसूण सोलून व्हिनेगरात घातला असेल, बरणी खिडकीत ठेवली असेल. इथे दक्षिणेत लोक जानेवारीतही चपला घालून हिंडतात. मी ठीक आहे. बुटांच्या कारखान्यात तळवे चिकटवतो. दोन वर्षांतलं हे पाचवं काम, पण इथे अकरा महिने टिकलोय. यान गुरुजी, हे वाक्य दोनदा वाचा.

गुरुजी, तुम्हालाही नमस्कार. बाबांना वाचता येत नाही, म्हणून माझं सगळं तुमच्या तोंडून जायचं. मागच्या पत्रातलं दुपारी वाचलेलं संध्याकाळी पिठाच्या गिरणीवर पोचलं होतं, असं कानावर आलंय. असू द्या. या वेळी लपवायचं काही नाही. मोठ्यानं वाचा. खिडकी उघडी ठेवलीत तरी चालेल.

बाबा, तुमचं पत्र मिळालं. गिरणीवाल्याची मुलगी बघून ठेवलीय, नवीन वर्षाला ये, एकटा आहेस तो दुकटा होऊन जा. मुलगी चांगलीच असेल. पण मी एकटा नाही.

हे पत्र लिहिताना जिथे अक्षर अडतं तिथे मी एकीला विचारतो. तिचं नाव तान लानश्यांग. हूनानची. माझ्याच ओळीत बसून बुटांच्या कडा शिवते. भात आणि मिरची, यापलीकडे तिला जेवण माहीत नाही. गेल्या उन्हाळ्यात मला ताप भरला. खोलीतल्या पोरांनी भाताची पेज आणली, मी वाटी सरकवून दिली. म्हटलं, मरायचंच असेल तर शेवया खाऊन मरेन. हे तिच्या कानावर गेलं. मला उचलून आपल्या खोलीवर नेलंन. जन्मात कधी कणीक मळली नव्हती बाईनं. बिअरच्या बाटलीनं लाटली, सुरीनं कापली, एकेक शेवई बोटाएवढी जाड.

मी म्हटलं, "या शेवया आहेत का पट्टे?"

"खायच्या तर खा, नाहीतर कंबरेला बांध. पँट घसरतेच आहे तुझी."

खाल्ल्या. दोन वाट्या.

बरा झाल्यावर तिला आपली रीत सांगितली. घरातून कुणी निघालं की जियाओझी. सारण भरून, कडा चिमटून गाठोडं बांधून दिलं, सुखानं जा. कुणी घरी आलं की शेवया. पायाला दोरी घातली, आता राहा.

"म्हणजे मी तुला न विचारता बांधून ठेवलं?"

"ठेवलंस."

"मला काय ठाऊक! जा, सोडला."

मी गेलो नाही. मग तिनं विचारलं, "आणि आल्या आल्या कुणी जियाओझी वाढल्या तर?"

याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे, बाबा. मी सात वर्षांचा होतो. आत्या नवऱ्याचं घर सोडून आली होती. गाठोडं खांद्यावरून उतरायच्या आत आजोबांनी तिच्यापुढे जियाओझींचं ताट ठेवलं. तिनं ताटाकडे बघितलं, गाठोडं वर सारलं आणि फाटकाबाहेर पडली. पुन्हा कधी आली नाही. ताट वाफाळत राहिलं. तुम्ही अंगणात मुळ्याची माती झटकत होतात. एकाच मुळ्याची. किती वेळ! आई म्हणाली, "नुसती हाक मारली असतीत तरी थांबली असती." तुम्ही म्हणालात, "घर वडिलांचं आहे."

आता घर तुमचं आहे.

गुरुजी, इथे थांबा. बाबांना गरम पाणी द्या.

लानश्यांग माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे. तिचा नवरा खाणीतल्या अपघातात गेला. तिला पाच वर्षांची मुलगी आहे, तिंगतिंग. मला काका म्हणायची, गेल्या महिन्यापासून बाबा म्हणते. मी शिकवलं नाही, पण हटकलंही नाही, आणि हटकणारही नाही. कुणाला "दुसऱ्याचं पोर" म्हणायचं असेल, गुरुजी, हे जरा गिरणीकडे तोंड करून वाचा, तर त्यानं ते माझ्या तोंडावर येऊन म्हणावं. माझं पोर आहे ते.

आणखी एक आहे. हे लिहायला दोन वर्षं लागली. आधी तीनदा लिहून फाडलं.

मी निघालो त्या सकाळी तुम्ही जियाओझी केल्या होत्यात. आईला जाऊन चाळीस दिवस झाले होते. आदल्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, तुझ्या भटकण्याच्या काळजीनंच ती गेली. ती छातीच्या दुखण्यानं गेली, आणि ते तुम्हालाही ठाऊक आहे. त्याबद्दल मी माफी मागणार नाही. पण ताटाला हात न लावता निघालो, ते मात्र मी केलं. बघून निघालो. कडा तुम्ही पोतं शिवल्यासारख्या चिमटल्या होत्या. निम्म्या फुटून सारण पाण्यात गेलं होतं. बडीशेपेच्या पाल्याचं सारण. मला आवडतं ते. घरात आईशिवाय हे कुणाला माहीत नाही, असं मला वाटायचं. गाडीत दोन दिवस काही खाल्लं नाही. विकणारे येत होते, खिशात पैसेही होते.

तिकिटं काढलीत. तेविसाव्या दिवशी, तुम्ही चुलीच्या देवाला निरोप देता त्या दुपारी, आम्ही तिघं पोचतो. आधी कुणाकडे उतरणार नाही, कुणाला मध्ये घालणार नाही. सरळ फाटकातून आत. परवानगी मागत नाही, कळवतोय.

शेवया असतील तर गाठोडी उतरवू. जियाओझी असतील तर तुम्ही बोलू नका, आम्हीही बोलणार नाही. पण आत्यासारखं ताट सोडून जाणार नाही, आणि मागच्या वेळी मी गेलो तसंही जाणार नाही. बसू. फुटलेलीसुद्धा सोडणार नाही, सगळ्या खाऊ. भांडी घासून पालथी घालू. मग जाऊ, आणि पुन्हा येणार नाही.

दोन्हीची कणीक एकच असते बाबा. लाटणं तुमच्या हातात आहे.

काहीही वाढलंत तरी तुमचाच,
लाइशुन

ता. क. तिंगतिंगला छोटी वाटी पुरते. आईची निळ्या काठाची होती ना, ती कपाटात मागे असेल. धुऊन ठेवा.