हारासकट तोललेला कॅमेरा

आई, काल सटाण्याच्या कांदा मार्केटात मी गळ्यात झेंडूचा हार घालून उभी होते आणि तुझी फार आठवण झाली. माणसाला हार घालतात तो निवडून आल्यावर नाहीतर गेल्यावर. माझं दोन्ही झालेलं नव्हतं. मी नेहमीसारखी कॅमेरा घेऊन चालणारी बाई होते. फक्त कॅमेरा या वेळी लग्नाचा नव्हता, सिनेमाचा होता, आणि एवढा जड की गाडीतून उतरवताना धडधाकट माणसांनी तोंडं वाकडी केली.

दिग्दर्शक नाशिकचाच, माझ्याहून लहान, फार गोड बोलतो म्हणून मी जपून असते. त्याचा हा पहिलाच सिनेमा. नायिका कांद्याची व्यापारी. खरा लिलाव चालू असताना ती ट्रॅक्टरांच्या रांगेतून बोली लावत जाते आणि कॅमेरा तिच्यामागे, मध्ये कुठेही न तोडता. चुकलं तर दुसरी संधी नाही. शेतकरी काही आपल्यासाठी विकलेला कांदा परत रांगेत लावणार नव्हते. आठवड्यापूर्वी त्याचा फोन आला, "ताई, मोटरवालं गिंबल मागवू का? आजकाल सगळे तेच घेतात. तुमच्या जाकिटाला कशाला त्रास?" दोन्हींचं काम एकच, चालताना कॅमेरा हलू न देणं. जाकीट म्हणजे तुझं तेच, छाती-कमरेला आवळायचं. त्याला स्प्रिंगचा हात, हाताला उभी दांडी, दांडीवर कॅमेरा, खाली बॅटरी आणि चित्र बघायचा छोटा पडदा. मी विचारलं, "मोटरवालं वजन किती पेलतं?" त्याने माहितीपत्रकातला आकडा वाचून दाखवला. मग मी त्याला तुझं वाक्य ऐकवलं, "दुकानदार सांगतो ते वजन उपाशी कॅमेऱ्याचं असतं. आपण नेतो तो जेवलेला." भिंग, बॅटरी, फोकसची मोटर, वायरी सगळं चढवून तोललं तेव्हा तो आकडा कधीच मागे पडला होता. भार झेपेना झाला की त्या मोटरी तापतात, थरथरतात आणि ऐन वेळी मान टाकतात. शिवाय सगळं ओझं नुसत्या हातांवर. "जाकीटच," मी म्हणाले, आणि वर आणखी कारणं दिली. त्याने मोटरवाल्याचा नाद सोडला.

तू ते जाकीट घेतलंस तेव्हा नाशिकमध्ये लग्नाचं शूटिंग म्हणजे खांद्यावर कॅमेरा आणि मागे हॅलोजन धरलेला एक घामाघूम माणूस. बाबा आपल्या फोटोच्या दुकानात बसून लोकांना हनुवटी खाली घ्यायला सांगायचे, लग्नं तुझ्याकडे. अंबडच्या एका वर्कशॉपवाल्याने हौसेने ते यंत्र बनवलं होतं. तू साडीवर जाकीट चढवलंस, पदर खोचलास आणि त्याच्या शेडमध्ये फेऱ्या मारत राहिलीस. त्याचा चहा निवला. "वहिनी, आवडलं का ते तरी सांगा," तो काकुळतीला आला. तू म्हणालीस, "थांबा हो, माझी अजून वरात निघायचीय." मग पट्टे ढिले करवून घेतलेस, ओझं खांद्यावरून कमरेवर आणवलंस, आणि पुन्हा चालायला लागलीस. आजची पोरं व्हिडिओतली परीक्षणं बघून यंत्र मागवतात. तू कमरेला विचारून घेतलंस.

कॅमेऱ्याचा तोल साधायचीस स्वयंपाकघरात, कारण तिथे पंखा नव्हता. शेवयांचं यंत्र ज्या बाकाला आवळायचं त्यालाच स्टँड आवळलेला, शेजारी कुकर. आधी पुढे-मागे, मग डावं-उजवं, कॅमेरा केसभर सरकवायचा. मग तू दांडी आडवी धरतेस, सोडतेस आणि खणखणीत आवाजात म्हणतेस, "शुभमंगल सावधान!" शब्द संपता संपता दांडी उभी राहिली तर तोल बरोबर. 'शुभ'लाच उभी राहिली तर खाली जड, चालताना लंबकासारखी झुलणार. शब्द संपून गेले तरी लोळत असली तर वर जड. मोटरवाल्यात असं दांडी सोडून बघणं नसतंच. शेजारच्या काकू दारातून डोकावतात, "आज कुणाला उजवताय?" तू मान न वळवता म्हणतेस, "याला. स्थळ चांगलं आहे, पण पोट सुटलंय."

तर काल. मुहूर्ताची पूजा झाली. कॅमेऱ्याला हळदकुंकू, नारळ आणि पुढच्या अंगाला मनगटाएवढा जाड हार, वर पाणी शिंपडलेलं. मी जाकीट आवळेपर्यंत माझ्या असिस्टंटने तोल साधूनही ठेवला, हारासकट. "मॅडम, एकदम परफेक्ट." होताच. पण उन्हात पाणी सुकणार, पाकळ्या गळणार, पुढचं अंग हलकं होणार, आणि कॅमेरा नायिकेला सोडून हळूहळू आभाळाकडे बघायला लागणार. मी हार काढायला सांगितलं. दिग्दर्शकाने हात जोडले, "ताई, पहिला शॉट ओके होईपर्यंत हार उतरवायचा नाही. आमच्या घरचा नेम आहे." आवाज गोड, डोळे भेदरलेले. तिकडे बोली सुरू व्हायला लागली होती.

मग तू प्रत्येक दसऱ्याला करायचीस तेच केलं. हार काढला आणि स्वतःच्या गळ्यात घातला. "कॅमेरा दांडीला, दांडी हाताला, हात जाकिटाला, जाकीट मला. सगळं मिळून एकच यंत्र. हार उतरलाय कुठे?"

"हे कुठल्या शास्त्रात?"

"आमच्या आईच्या."

कॅमेरा सरकवला, दांडी सोडली, "शुभमंगल सावधान!" जवळच्या ट्रॅक्टरवरचे आजोबा वाकून विचारतात, "कोनं लगीन शे वं ताई?" सगळा बाजार हसतो, आणि त्या हसण्यातच दांडी उभी राहते. मग मी चालले. पायाखाली कांद्याची टरफलं, कानावर बोल्या, गळ्यात हार खाजतोय, आणि कॅमेरा तिच्यामागे असा जातोय जसा कुणी चालतच नाहीये. शेवटच्या ट्रॅक्टरपाशी ती वळली, मी थांबले. दिग्दर्शक थेट पाया पडायला आला. जाकिटामुळे मला मागे सरताही येईना. "त्या शास्त्राला नमस्कार," तो म्हणाला. मी तो तुझ्या वतीने घेतला.

हा कागद कुठे धाडायचा नाही. जाकिटाच्या खिशात राहील; कॅमेऱ्याच्या बाजूला ठेवला तर तेवढं वजनही तुला खटकलं असतं. एकच सांगते. दिग्दर्शकाला फोनवर दिलेली कारणं सगळी खरी होती, कुठल्याही कंपनीपुढे सिद्ध करून देईन. फक्त एक सांगितलं नाही: मोटरवालं घेतलं असतं, तर शुभमंगल म्हणायला मिळालं नसतं.