मागच्या बाजूचा जिना

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी मला तुमचा राग येतो, हे आधीच सांगते. मोजणीच्या कामात मी नवीन होते, तुम्ही वडीलही होतात आणि वरिष्ठही, आणि चार लोकांसमोर मला बोललात.

भूकंपानंतर औशाकडच्या एका गावात आपण पडकी घरं नकाशावर घेत होतो. एका घराचं माळवद खाली बसलेलं, भिंतींचा ढिगारा झालेला, आणि बाहेरून वर जाणाऱ्या नऊ दगडी पायऱ्या तेवढ्या शाबूत. मी त्या सोडून दिल्या. कागद पाहून तुम्ही म्हणालात, "कॉन्व्हेंटात इंग्रजी शिकलीस, डोळे तिथंच ठेवून आलीस का?" मी फणकारले, "घरच नाही, तर जिना कुणासाठी काढायचा?" घरमालक म्हातारा शेजारीच उकिडवा बसला होता. तो म्हणाला, "काढा की बाई. लेकरं ह्याच्यावरूनच माळवदावर निजाया जात व्हती. त्या राती पावसाची भुरभुर व्हती, म्हणून आत निजली."

तुम्ही मला अजून दिसता: पहिल्या पायरीपाशी वाकून हाताने माती बाजूला सारता, पायऱ्या मोठ्याने मोजत चढता, उतरताना पुन्हा मोजता. मग मला लिहायला लावता: कुठून सुरू, कुठे संपतो, रुंदी किती, बाण वरच्या दिशेने. बाहेरचा जिना स्वतः चढूनच घ्यायचा, ही तुमची रीत.

पुढे लातूरला क्लासेसचं पीक आलं. गल्लोगल्ली मुलींची वसतिगृहं, आणि मालक असे की न्हाणीघरातही कॉट टाकतील. निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना तशाच एका इमारतीच्या नोंदीला मी गेले. मालक म्हणाला, "मॅडम, मागं लोखंडी जिना हाय, काही झालं तर पोरी तिकडून उतरतेत. तुम्ही कशाला तरास घेता, नकाशात दावलाय की." माझे गुडघे दुखत होते, चहा समोर आला होता. त्याच्या नकाशावरून मी जिना उतरवून घेतला आणि सही केली.

तो जिना पहिल्या मजल्यापाशीच संपत होता. खालचा भाग कधीच कापून तिथे मेसची शेड घातली होती. पुढे एका दुपारी खाली मीटरने पेट घेतला, पोरी मागे धावल्या. सगळ्यांच्या पुढे बिलोलीची एक होती. तिला थांबायचं होतं, मागचा रेटा थांबला नाही. वाचली. पण डॉक्टर व्हायला आलेली ती पोर आता काठीशिवाय चालत नाही. तिचे वडील माझ्या दारात आले होते. चपला बाहेर काढून उभ्यानेच विचारलं, "मॅडम, कागदावर तर जिना खालपर्यंत हाय. मग लेकरू पडलं कसं?"

त्या मालकाला मी जिथे तिथे शिव्या घालते. लोक म्हणतात, बाई रोखठोक आहे. हा कागद कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणून लिहिते. चौकशीत मी सांगितलं, नोंदीच्या दिवशी जिना जमिनीपर्यंत होता, नंतर कापला असेल. त्यांनी लिहून घेतलं. अप्पा, त्या इमारतीच्या मागे मी गेलेच नव्हते.