वरच्या खोलीचं पाणी

बाळ,

चहा झाकून ठेवला आहे. आधी तो पी, वाचल्यावर गोड लागणार नाही.

वरच्या शिंपीणबाईंच्या नळाला पाणी का येत नाही ते बघायला आज मी प्लंबर आणला. 'पाइप सडलाय' म्हणाला होतास ना? पाइप ठणठणीत आहे. गच्चीवरचा त्यांचा व्हॉल्व्ह कुणीतरी बंद करून वर तार आवळली होती. तार तुझ्या स्कूटरच्या डिकीतली, हे ओळखायला मला प्लंबर लागला नाही.

बाई कंटाळून खोली सोडून गेल्या की तिथे तुझं ऑफिस, असंच ना? या वयात त्या जिन्याने बादल्या चढवत होत्या आणि तू खालून "सांभाळून हं, काकू" म्हणत होतास. याला केसाने गळा कापणं म्हणतात. तुझ्या बाबांनी त्या खोलीला आधी नळ बसवला होता, मग दार.

घरमालकीण अजून मीच आहे. बाईंना मशीनसकट तुझ्या खोलीत आणलं आहे. तिथलं बाथरूमही आता त्यांचंच. दार वाजवू नकोस, दमून झोपल्यात.

तुझी गादी आणि कपडे वर त्यांच्या खोलीत टाकलेत. ऑफिस हवं होतं ना, घे. व्हॉल्व्ह मी उघडलेला नाही, उलट साखळी घालून कुलूप लावलंय. किल्ली घेऊन तुझ्या मावशीकडे चालले आहे. परत कधी येईन ते माझं मन ठरवेल.

बादली अंगणातल्या नळापाशी आहे. जिना चढताना सांभाळून हं.

आई