दादाची टू-सीटर, घरच्या घरी

शनिवार, ३ मार्च. सकाळ.
दादाची गाडी काल चालवत घरी आणली. लाल, टू-सीटर, उंची जेमतेम माझ्या कमरेइतकी. आत बसता येत नाही, पडावं लागतं. तक्रारी किरकोळ: इंजिनचा बेल्ट किंचाळतो आणि ऑइल बदलायला झालंय. वहिनी महिनाअखेर लहान फ्लॅटमध्ये जाणार, तिथे पार्किंग नाही. गिऱ्हाईक तयार आहे, एक डेंटिस्ट. किंमत ठरली. अट एकच, गाडी ठणठणीत पाहिजे. त्याच पैशातून नव्या घराचं डिपॉझिट भरायचंय, एकतीस तारखेला.

गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून हसूच आलं. स्पोर्ट्स कार दिसली की हे लोक पाना उचलायचेही वेगळे पैसे लावतात. वहिनींना म्हटलं, सोडा हो, मी करतो. उद्या जेवायच्या आत काम खलास.

दादाला जाऊन चार महिने झाले. मी ठीक आहे. लोक उगाच विचारत बसतात.

रविवार, ४ मार्च.
जॅक गाडीखाली जात नाही. गाडी इतकी बुटकी की जॅक घालायचा तर आधी गाडी उचलावी लागते. ही अडचण शेजाऱ्यांनी गॅलरीतून मला समजावून सांगितली, जणू मला दिसतच नव्हती. दुकानातून खास बुटका जॅक आणला. गॅरेजवाल्याच्या आकड्यातले निम्मे पैसे त्यातच गेले. पण तो खर्च नव्हे, ते हत्यार आहे. जन्मभर पुरेल. बायकोने विचारलं, जन्मभर काय उचलणार आहेस? मी जॅकची पावती खिशात घातली.

मंगळवार, ६ मार्च. संध्याकाळ.
बेल्ट. या गाडीचं इंजिन सीटच्या मागे. नट दिसतो तिथून हात जात नाही, हात जातो तिथून नट दिसत नाही. मागचं चाक काढलं. चाकाआडचं प्लॅस्टिक काढलं. त्याच्या क्लिपा तुटल्या, सगळ्या. कंपनी मुद्दामच तकलादू बनवते. बोटं सोलली. पण बेल्ट बसला! किंचाळणं पूर्ण बंद. गाडी अजून सुरू केलेली नाही.

शनिवार, १० मार्च.
ऑइल. गाडीखाली झोपून प्लग उघडला आणि बादलीत पडलेलं तेल बघून थक्क झालो. मधासारखं पिवळं. काजळीचा ठिपका नाही. दादा गाडी किती निगुतीने ठेवायचा! लोकांचं तेल डांबरासारखं निघतं. बराच वेळ बादलीकडे बघत बसलो. मग इंजिनात नवीन कॅन अख्खा ओतला. काठी घालून पातळी बघायची असते म्हणे, पण मापाचाच कॅन असताना पुन्हा मापायचं कशाला?

वहिनींना फोन केला, काम झालं. उद्या एक चक्कर मारतो आणि चावी देतो. त्यांनी विचारलं, भाऊजी, जेवलात का? आता याचा इथे काय संबंध?

रविवार, ११ मार्च.
चक्कर मारली. धूर. निळा, दाट. रस्ताभर खिडक्या धडाधड लागल्या. गिअर टाकताना करकर. स्पोर्ट्स कारचा आवाज असाच असतो. परत येताना चौथा गिअर लागेना. वस्तीत चौथ्याची गरज नसतेच.

निष्कर्ष: इंजिनात आतून मोठा दोष होता, तो मी वेळेवर पकडला. पिस्टनच्या रिंगा गेल्यात. नाहीतर बिचारा डेंटिस्ट फसला असता. इंजिन उघडणार. या आठवड्यात मोकळा.

गुरुवार, १५ मार्च.
रजा टाकली. सुटे भाग स्वयंपाकघरातल्या डब्यांत. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, कारण पद्धतशीर काम करणारा माणूस फसत नाही. पहिल्या डब्यावर ‘वरची नळी, डावी बाजू’. नंतरच्यांवर ‘नळी’. शेवटच्यावर ‘हे पण’. बायकोला डाळ ठेवायला पातेली घ्यावी लागली. ती म्हणते, गॅरेजवाल्याला बोलव. आता बोलावलं तर आधी बोलवायला हवं होतं असं होईल.

गाडीच्या पुढच्या खणात खोकल्याच्या गोळ्या सापडल्या. दादाच्या. एक खाल्ली. नरम पडली होती. काही वाटलं नाही.

बायको असंही म्हणाली, वहिनी एकट्या सामान बांधताहेत, एकदा जाऊन ये. कमाल आहे. मी इथे त्यांचंच तर काम करतोय.

रविवार, १८ मार्च.
रिंगांची ऑर्डर दिली. या गाडीचे पार्ट बाहेरून येतात, म्हणून भाव तसे. शिवाय नवीन पाने, कारण जुने पाने मोठ्या गाड्यांचे. इथे सगळं बारीक, घड्याळाच्या कारागिराने केल्यासारखं. खर्च मोजणं बंद केलंय. मोजून काही कमी होत नाही.

परवा ऑफिसात साहेबांनी हाताची पट्टी बघून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? म्हटलं, कम्प्रेशन कमी आहे. त्यांनी माझ्याकडचं एक काम काढून दुसऱ्याला दिलं. बरंच झालं.

गुरुवार, २२ मार्च.
गाडीचं पुस्तक वाचलं. खणात गोळ्यांखालीच होतं. त्यात एक चित्र आहे. गाडीखाली प्लग दोन. एक इंजिनचा, एक गिअरबॉक्सचा.

मी गिअरबॉक्सचा उघडला.

म्हणजे मधासारखं होतं ते गिअरबॉक्सचं. ते काढून मी कोरड्या गिअरबॉक्सने गाडी फिरवली. इंजिनात जुनं तेल तसंच होतं, वर नवीन ओतलं, म्हणून धूर. रिंगा चांगल्या होत्या. सगळंच चांगलं होतं.

चित्र फारच लहान छापलंय. कंपनीला कळवणार.

बायकोला सांगितलं नाही. जेवताना तिने विचारलं, चेहरा असा का? म्हटलं, कंटाळा आलाय. ते मात्र खरं होतं.

रविवार, २५ मार्च. दुपार.
वहिनी आल्या. चार दिवस मी फोन उचलत नव्हतो म्हणून. ‘हे पण’चा डबा हातात घेऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, भाऊजी, गाडी इथे चालत आली होती ना? हो म्हटलं. त्या म्हणाल्या, शनिवारी डिपॉझिट भरलं नाही तर घर दुसऱ्याला जाईल, आणि आत्ताचं घर सोडतेय म्हणून मी कळवून टाकलंय. मग डबा खाली ठेवला आणि म्हणाल्या, तुम्हाला गाडी विकायची नव्हती तर तोंडाने सांगायचं होतंत. मी भांडले नसते. मला तरी कुठे विकायचीय?

साफ खोटा आरोप. महिनाभर राबतोय तो कशासाठी? विकण्यासाठीच. तसं स्पष्ट बोललो आणि पाना शोधायला बाहेर गेलो. पाना हातातच होता.

सोमवार, २६ मार्च.
वहिनींनी गॅरेजवाल्याला पाठवलं. त्याने गाडी टेम्पोवर चढवली, डबे पोत्यात ओतले. चिठ्ठ्या बघितल्याही नाहीत. हसला नाही. हसला असता तर मला भांडता आलं असतं. शनिवारपर्यंत जोडून देतो म्हणाला, चौथा गिअर सोडून. त्याचा आकडा पहिल्या आकड्याच्या कितीतरी पट. तो मी देणार. डेंटिस्ट पैसे कमी करून घेतोय, तो फरकही मी भरणार. वहिनी आधी नको म्हणाल्या, मग बरं म्हणाल्या.

पार्किंगची जागा झाडून काढली. नंतर तिथेच उभा राहिलो. बायको हाक मारत होती म्हणे.

शनिवार, ३१ मार्च.
सकाळी गॅरेजबाहेर डेंटिस्टला गाडी द्यायची होती. मी जाणार नव्हतो. गेलो.

डेंटिस्ट ठेंगणा, नीटनेटका माणूस. आत बसला तर पाय पेडलपर्यंत पोचेनात. सीट दादाच्या मापाला लावलेली होती. मीसुद्धा टोकावर बसूनच चालवली, पुढे घ्यायचं डोक्यात आलं नाही. डेंटिस्टने सीटखाली हात घातला आणि मी ओरडलो, हात लावू नका! फुटपाथवरची माणसं थांबली. मी म्हटलं, दांडी नाजूक आहे. पाठीला उशी घ्या ना, पोचतील पाय. दोन उशा घ्या. मी आणून देतो.

डेंटिस्ट वहिनींकडे बघायला लागला. वहिनींनी वाकून स्वतःच दांडी ओढली. सीट खटखट करत पुढे गेली. कसलीच नाजूक नव्हती.

मग मला रडू फुटलं. भर रस्त्यात, फुटपाथवर बसून, पोरासारखं. थांबेना. दादा गेलाय, दादा गेलाय, एवढंच म्हणत होतो, जणू तिथल्या कुणाला माहीत नव्हतं. वहिनी शेजारी बसल्या. त्याही रडल्या.

डेंटिस्टला अशा माणसांची सवय असावी. तो गाडीतून उतरला, माझ्यासमोर वाकला आणि म्हणाला, तोंड उघडा, तोंडाने श्वास घ्या. मी तोंड उघडलं.