पल्लवीचं ‘ॲक्चुअली’

६ जानेवारी, मंगळ.
समीरचा कॅनडाहून फोन. पल्लवीची इंग्रजीची परीक्षा ३१ला ठरली. पास झाली की व्हिसाचे कागद, मग बायको नवऱ्याकडे. म्हणाला, क्लास कशाला, घरात तुम्ही आहात. ते बाकी खरं. छत्तीस वर्षं रेल्वेच्या ऑफिसात इंग्रजी पत्रं लिहिली. साहेब माझ्या मसुद्यावर न वाचता सही करायचे.
सूनबाई पादरा गावच्या, गुजराती मीडियम. लिहिते ठीक. तोंड उघडलं की पहिला शब्द ‘ॲक्चुअली’. नाव विचारलं तर ॲक्चुअली माय नेम इज पल्लवी. मी म्हटलं, मग खोटं नाव कुठलं? आमची ही खो खो हसली. प. पण हसली, थोडी उशिरा.

८ जाने.
दहा मिनिटांत तेवीस वेळा. मोजले. ऑफिसात फालतू शब्दावर माझी लाल पेन्सिल फिरायची. बोलण्यावर पेन्सिल कशी फिरवणार? म्हणून नवा नियम. जेवताना इंग्रजीच बोलायचं, आणि ‘ॲक्चुअली’ आलं की मी चमचा ताटावर वाजवणार. आज आमटी वाढून होईस्तोवर नऊदा वाजला. हिला गंमत वाटली. उद्यापासून मीपण वाजवणार म्हणते.

११ जाने., रवि.
चाळीस प्रश्नांची उत्तरं मीच लिहून काढली, पाठ करायला दिली. पक्का मसुदा, एक शब्द जास्त नाही. गावाबद्दल विचारलं तर ‘आय बेग टू स्टेट दॅट माय नेटिव्ह प्लेस इज पादरा’. प. म्हणाली, नाना, असं कोण बोलते? मी म्हटलं, साहेबलोकांशी असंच बोलतात. तरी पाठ करायला लागली.

१४ जाने.
उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. सकाळपासून गच्चीवर पतंग. शेजारचे सगळे आले होते, उंधियू, जिलबी. पाहुण्यांसमोर म्हटलं, पल्लवी, टेल अस अबाउट धिस फेस्टिवल. ती फिरकी धरून उभी होती. ‘ॲक्चुअली’ म्हणाली, मी डिशवर चमचा. पुन्हा म्हणाली, पुन्हा चमचा. शेजाऱ्यांना खेळ कळला. मग अख्खी गच्ची मोठ्याने मोजायला लागली, एक, बे, त्रण. पाचचा आकडा झाला तशी प. फिरकी हिच्या हातात देऊन खाली गेली. मांज्याने बोट कापलं म्हणे. जेवायला बसली तेव्हा बोट पाहिलं. कापलेलं नव्हतं.

१६ जाने.
हिच्या गोळ्यांवरून दुपारी मी प.वर ओरडलो. एकच गोळी दोनदा कशी दिलीस? ती हळू म्हणाली, ‘ॲक्चुअली नाना, आईंनी सकाळची घेतलीच नव्हती.’ मी चमचा वाजवला. ही म्हणाली, ती खरं सांगतेय, सकाळची राहिलीच होती. तरी मी म्हटलं, शब्द फालतू तो फालतूच.
नंतर तो फालतू आहे हे दाखवायला डिक्शनरी काढली. पाऊण पान आहे त्या एका शब्दावर. समोरच्याची चूक त्याला न दुखावता सांगायची असेल तेव्हा वापरतात. ऐकणाऱ्याला ठाऊक नसलेली गोष्ट हळूच पुढे करायची तेव्हाही. वाक्याच्या सुरुवातीला चालतो. बोलण्यात तर सर्रास. दिलेली उदाहरणं अगदी प.च्या दुपारच्या वाक्यासारखी. नावापुढे लावते ते चुकीचं, पण निम्म्याहून जास्त वेळा पोरगी बरोबर होती. मी मात्र छत्तीस वर्षं तो खोडत आलो.
डिक्शनरी कपाटावर ठेवली, मागच्या बाजूला. तिला सांगितलं नाही.
का नाही, ते इथे लिहायला हरकत नाही. एक तर पादऱ्याच्या पोरीला तू बरोबर म्हणायचं, हे जिवावर येतं. दुसरं, हिचे गुडघे. वाडीतल्या डॉक्टरकडे कोण नेणार, गोळ्या कोण देणार, चार वाजता चहा कोण टाकणार? ती गेली की घरात आम्ही दोघं आणि टीव्ही. मला ती जायला नको आहे. लिहून टाकलं.

२२ जाने.
चार दिवसांत एकदाही ‘ॲक्चुअली’ नाही. चमचा लागतच नाही. फक्त उत्तर द्यायला वेळ लावते. आधी माझ्या हाताकडे बघते, मग सुरू करते. ही म्हणाली, पोरगी मराठीतसुद्धा बोलेनाशी झालीय, पुरे करा आता. मी म्हटलं, शिस्त अशीच लागते. हिने स्वतःचा चमचा उचलून आत नेऊन ठेवला.

३१ जाने., शनि.
प.ला परीक्षेला स्कूटरवरून नेलं, आणलं. घरी आल्यावर स्वयंपाकघरात हिला सांगत होती. मी बाहेर पेपर धरून बसलो होतो, सगळं ऐकू आलं.
गावाचं उत्तर पाठ होतं, धडाधड म्हटलं. परीक्षा घेणाऱ्या मॅडम हसल्या, चांगलं हसल्या म्हणे, आणि म्हणाल्या, हे राहू दे, तुला तिथलं ॲक्चुअली काय आवडतं?
‘आई, मॅडमच बोलल्या तो शब्द. मी थांबून गेले. मला वाटलं आत्ता वाजेल.’
पुढे तिच्या तोंडून काही आलं नाही. मॅडमनी दोनदा विचारलं, पाणी दिलं.
ही बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं, आत गेली.

७ फेब्रु.
निकाल. वाचन, लेखन, ऐकणं पास. बोलण्यात नापास. समीर म्हणाला, मार्चची परीक्षा चुकली तर व्हिसाचा घोळ पहिल्यापासून, वर्ष जाईल. १५ फेब्रु.पर्यंत फॉर्म भरा. घरातले सगळे फॉर्म मीच भरतो, पासवर्ड माझ्याकडे. शिकवण्याचं मात्र कोणी मला विचारलं नाही. प.ने लहरीपुऱ्याजवळचा क्लास स्वतःच शोधला. ही म्हणाली, माझे गुडघे मी बघीन, तू जा.

११ फेब्रु.
प. क्लासहून आली की हिच्याजवळ बसून बोलते. इंग्रजी, गुजराती, मराठी सगळं एकत्र. आज दोघी कशाला तरी पोट धरून हसत होत्या. मी पाणी प्यायला आत गेलो तर गप्प. ग्लास भरून दिला. बाहेर आल्यावर पुन्हा सुरू.
माझ्याशी ‘हो’ आणि ‘नाही’, एवढंच. पूर्वी पेपरातली बातमी विचारायला यायची. मला वाईट वाटतं. वाटण्याचा हक्क नाही, तेही कळतं.

१३ फेब्रु., शुक्र.
कॉम्प्युटरवर तिचा फॉर्म उघडला. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर, सगळं भरलं. शेवटचं, फॉर्म पाठवायचं बटण राहिलं. तासभर तसाच बसलो. चारला ती चहा घेऊन दारात आली. दोन आठवड्यांत माझ्याशी पहिलं अख्खं वाक्य.
‘नाना, फॉर्म भरून टाकला ने?’
मी म्हटलं, ‘हो, परवाच.’
‘थँक्यू नाना,’ म्हणाली, आणि आज हसली. समीरला मेसेज करते म्हणून आत गेली.
फॉर्म अजून पाठवलेला नाही. रविवारपर्यंत मुदत आहे.